दुसऱ्या मजल्याच्या अलीकडचा सोफा

घरात सोफा नसताना सोफा आहे असे जगाला कळवू नये, हे जिनेवाल्या काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कळवायचे असेल तर आधी सोफा आणावा आणि मग कळवावे. एवढ्या सरळ आणि प्रामाणिक विचारातून पुढचे सगळे रामायण घडले. माणूस थोडा लबाड असता तर काम अर्ध्या तासात झाले असते.

काका अग्निशमन खात्याच्या नोटीस विभागात होते. लोक इमारतीच्या जिन्यात सायकली ठेवतात, कपाटे ठेवतात, कुंड्या ठेवतात, एकाने तर खाट टाकून सासऱ्यांना ठेवले होते. अशा सर्वांना 'जिना मोकळा करा' अशी नोटीस धाडायची, हे त्यांचे काम. म्हणून कचेरीत आणि पुढे राहत्या इमारतीतही ते जिनेवाले काका झाले. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या शाळेत भूगोल शिकवीत. बाईंना जगातल्या सगळ्या सामुद्रधुन्या तोंडपाठ होत्या, पण गावाबाहेरचे जे काही त्यांनी पाहिले होते ते भिंतीवरच्या नकाशात.

एके दिवशी बाई वर्गात हिमनदी शिकवत होत्या. बर्फाची नदी डोंगरावरून इंचाइंचाने खाली सरकते, वगैरे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "बाई, ती सरकते तेव्हा आवाज येतो का?"

"येत असावा," बाई म्हणाल्या.

वर्गात 'असावा' म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. घरी आल्या त्या जेवल्याच नाहीत. काकांना वाटले, शाळेत कुणी काही बोलले.

"अहो, मी उभा जन्म ती नदी फळ्यावर काढतेय," बाई म्हणाल्या, "आणि तिला आवाज आहे की नाही ते मला ठाऊक नाही. या वर्षाअखेर मी निवृत्त होणार. त्याआधी मला तिथं जाऊन ऐकायचंय. त्या पोरीला 'असावा' सांगून मी शाळा सोडणार नाही."

"जाऊ की," काका म्हणाले. नवरे असे म्हणतात. त्यात जाण्याचा काही संबंध नसतो. शिवाय हिमनदीच्या पायथ्याशी जी राहण्याची ठिकाणे होती, ती त्यांच्या ऐपतीच्या बाहेरची होती, हे काकांना माहीत होते. त्यामुळे ते निर्धास्त होते.

घात केला तो शाळेतल्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमनी. त्यांनी बाईंना 'रिकामा सोफा' नावाचे एक जाळे दाखवले. जगभरचे प्रवासी त्यात असतात. कुठेही जावे, तिथल्या कुणाच्या तरी घरी सोफ्यावर झोपावे, पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. आज तुम्ही कुणाला ठेवून घ्या, उद्या तिसराच कुणीतरी तुम्हाला ठेवून घेईल.

"तिसरा का?" काकांनी विचारले. "ज्याला आपण ठेवलं त्यानं आपल्याला ठेवावं. हा तिसरा मधेच कुठून आला?"

"तसंच असतं ते."

"आणि तिसऱ्यानं नाही म्हटलं तर दाद कुणाकडे मागायची?"

"कुणाकडेच नाही."

"मग चालतं कसं?"

"चालतं म्हणे."

काका दोन दिवस या 'म्हणे'भोवती घुटमळत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना विचारले, तर ते म्हणाले, "फुकट या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. जपून राहा." तळमजल्यावरच्या सेक्रेटरींना विचारले, तर ते म्हणाले, "सोसायटीच्या दफ्तरी माणसं दोनच प्रकारची. नातेवाईक आणि भाडेकरू. तुमचा माणूस यात कुठं बसतो ते आधी सांगा." काकांना ते सांगता येईना. मुळात तो कोण असणार हेच ठाऊक नव्हते.

दरम्यान बाईंनी हिमनदीच्या पायथ्याशी राहणाऱ्या जाळ्यातल्या लोकांना विचारूनही पाहिले. सगळ्यांनी गोड शब्दांत नकार दिला. कारण एकच होते. बाईंनी जाळ्यात नाव घातले होते, पण त्यांच्या नावाच्या पानावर कुणाचाही अभिप्राय नव्हता. ज्यांच्याकडे कुणी राहून गेले नाही, ती माणसे कशी आहेत हे कुणाला कळणार? म्हणजे आधी कुणीतरी परका माणूस घरी यायला हवा, राहायला हवा, खूश व्हायला हवा, आणि त्याने तसे लिहायला हवे. मग बाईंना हिमनदी.

पान बाईंच्या एकटीच्या नावावर होते. काका सरकारी नोकर. परक्या व्यक्तीस विनामोबदला वास्तव्यास ठेवण्याआधी खात्याची परवानगी लागते की नाही याबद्दल त्यांना शंका होती, आणि शंका आहे तिथे सही करायची नाही हे त्यांचे ब्रीद. त्यामुळे पानावर काकांचा उल्लेखच आला नाही. पाहुणा बोलावण्यासाठी पान मात्र पुरे भरले त्यांनीच, आणि 'सोफ्याचा फोटो जोडा' या वाक्यापाशी येऊन थांबले.

"आपल्याकडे सोफा नाही," ते म्हणाले.

"मुलीची खोली रिकामी आहे ना," बाई म्हणाल्या. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. "चांगला पलंग आहे तिथं, गादी आहे."

"संस्थेचं नाव काय? रिकामा सोफा. फोटो कशाचा मागितलाय? सोफ्याचा. आणि आपण देणार पलंग! उद्या त्यानं हरकत घेतली तर?"

"सोफ्याऐवजी पलंग मिळाला म्हणून कोण हरकत घेईल?"

"तू हरकती पाहिल्या नाहीस," काका म्हणाले. "मी पाहिल्यात."

दुसऱ्या दिवशी ते सोफा आणायला गेले. तीन माणसे बसतील असा, मोरपंखी रंगाचा, भरभक्कम हातांचा. दुकानदाराने विचारले, "जिना मोजलाय का, साहेब?" काका नुसते हसले. गावातल्या प्रत्येक जिन्याची किमान रुंदी किती असते हे ज्याला पाठ आहे, त्याने टेप घेऊन आपला जिना मोजायचा म्हणजे आचाऱ्याने जेवायला जाताना घरून मीठ नेण्यासारखे झाले. नियमात रुंदी आहे, म्हणजे जिन्यात असणारच.

ती नव्हती. ज्याने इमारत बांधली त्याने नियम वाचला नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर सोफा अडकला. एक हात कठड्यात, दुसरा भिंतीत. हमालांनी वर ढकलला, खाली ओढला, उभा करून पाहिला, काकांनी सांगितलेली नियमातली रुंदी ऐकून घेतली. शेवटी त्यांच्यातला मोठा कपाळ पुसत म्हणाला, "साहेब, तुमचा नियम वर गेला. सोफा काही येत नाही." आणि मजुरी घेऊन ते निघून गेले.

सोफा अडकला तो असा ऐटीत की कुणी मुद्दाम बसण्यासाठी मांडून ठेवल्यासारखा. वर जायचे तर आता सोफ्यावर चढून पलीकडे उतरायला हवे. सुताराला बोलावले. तो म्हणाला, "एक हात कापावा लागेल, आणि मला पुढल्या आठवड्याशिवाय सवड नाही." तोवर काय करायचे? काकांनी एक नियम केला. नव्या सोफ्यावर पाय देणाऱ्याने चपला काढून पाय द्यावा.

नियम चांगला होता, पण त्यामुळे सोफ्याच्या खाली आणि वर अशा दोन ठिकाणी चपलांचे ढीग साठू लागले. सेक्रेटरी रोज गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह सोडायला जात, ते येताना वकिलांचे बूट घालून आले. वकील कोर्टात गेले ते सेक्रेटरींच्या रबरी स्लिपर घालून. न्यायाधीशांनी त्यांच्या पायांकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता पुढची तारीख दिली.

काकांनी अडकलेल्या सोफ्याचाच फोटो काढून पानावर टाकला. खाली खरी माहितीही लिहिली: सोफा उपलब्ध आहे. ठिकाण: दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जिन्यात.

"असं कोण येणार?" बाई हताश होऊन म्हणाल्या.

खरे सांगायचे तर काकांनाही तसेच वाटत होते, आणि त्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते. परक्या घरात जाऊन राहायचे, परक्याची न्हाणी वापरायची, परक्यासमोर सकाळी विस्कटलेल्या केसांनी यायचे, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे. प्रयत्न तर केला, यश आले नाही, असे झाले तर कुणाचाच दोष नसता.

पण तिसऱ्या दिवशी पानावर एक निरोप आला. एका तरुण प्रवाशाने लिहिले होते: मी पुष्कळ देश फिरलो. तंबूत झोपलो, होडीत झोपलो. जिन्यात कधी झोपलो नाही. दोन दिवसांसाठी येऊ का?

"हा जिन्यात का झोपणार?" काका गोंधळून म्हणाले.

"येऊ द्या हो. वर आणू त्याला," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. काकांनी पुढे काही विचारले नाही.

त्याच दिवशी कचेरीत काकांच्या टेबलावर एक तक्रार आली. 'आमच्या इमारतीच्या जिन्यात रहिवाशाने सोफा ठेवून रहदारीस अडथळा केला आहे.' खाली सेक्रेटरींची सही. काकांनी तक्रार दोनदा वाचली. दुसरा कुणी असता तर कागद खणात सारला असता. काकांनी चष्मा पुसला, रीतसर नोटीस लिहिली, साहेबांची सही घेतली, आणि संध्याकाळी घरी जाऊन ती स्वतःला दिली. पोच म्हणून सहीही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. जिन्यातल्या अडथळ्याला मुदतवाढ देता येत नाही, म्हणून त्यांनी तो फेटाळला. मग ते साहेबांकडे गेले.

"अर्ज तुम्हीच केलात, फेटाळलाही तुम्हीच," साहेब कागद उलटेपालटे करत म्हणाले. "मग माझ्याकडे का आलात?"

"फेटाळल्यावर अपील आपल्याकडे असतं, साहेब."

साहेबांनी डोके धरले. "नाही कुणी म्हटलंय? त्या सुताराला सवड होईपर्यंत राहू द्या."

"नुसतं राहू देता येत नाही, साहेब. मुदतवाढ असेल तर अडथळ्यापाशी टॉर्च आणि शिट्टीसह एक माणूस तैनात करावा लागतो. जिना वापरणाऱ्यांना सावध करायला."

"मग करा तैनात!"

"कुणाला, साहेब?"

साहेबांनी काकांकडे असे काही पाहिले की काकांनी तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहिला.

अशा रीतीने काका आपल्याच इमारतीच्या जिन्यात तैनात झाले. अंगात खात्याचा जुना खाकी कोट, गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च, बसायला पायरी. मुलीला फोनवर हे कळले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" काका म्हणाले, "मी नियमात आहे." मुलीचे समाधान झाले की नाही कळले नाही.

पाहुणा आला तेव्हा ऊन कलले होते. पाठीवर त्याच्या उंचीची पिशवी, पायांत चिखलाचे बूट. काकांनी त्याच्या तोंडावर टॉर्च मारला.

"कुणाकडे?"

"तिसरा मजला. बाई."

"काय काम?"

"मी पाहुणा आहे. सोफा."

"ओळखपत्र?"

पाहुण्याने दिले. काकांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत दाढी नाही."

"नंतर आली."

"ठीक. थांबा इथंच. बूट काढून ठेवा." आणि काका सोफा ओलांडून वर गेले. दारातूनच म्हणाले, "अगं, आला." मग पुन्हा खाली येऊन त्याची पिशवी उचलून वर नेऊन दिली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. आपण कोण हे त्यांनी सांगितले नाही. कचेरीत कुणी स्वतःची ओळख करून देत नसते. येणाऱ्याने ती करून घ्यायची असते. बाईंना वाटले, खाली ओळख झालीच असेल.

बाईंनी पाहुण्याला मुलीची खोली दाखवली. तो पलंगाकडे पाहून गोंधळला.

"पण पानावर सोफा होता," तो म्हणाला.

"अरे, तो अडकलाय. तू इथं झोप."

पाहुणा विचारात पडला. जिन्यातून आवाज आला, "पलंग देऊ नको! पानावरची माहिती खोटी ठरेल! अभिप्राय जाईल!"

पाहुण्याने बाईंकडे पाहिले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. स्वभावच तसा आहे." पण पाहुणा जिन्यात झोपण्यासाठीच इतक्या लांब आला होता. त्याने चादर घेतली आणि आनंदाने सोफा गाठला.

जेवणाच्या वेळी बाईंनी पाहुण्याला वर बोलावले. काकांना पहारा सोडता येईना, म्हणून त्यांचे ताट खाली पाठवायचे ठरले. पाहुणा उठला आणि म्हणाला, "मी नेतो." त्याने दोन्ही हातांनी धरून ताट खाली आणले, काकांच्या पुढे ठेवले आणि जरा वाकून म्हणाला, "बाईंनी दिलंय. आधी त्यांनी तुमचं वाढलं, मग माझं." काकांना कळेना, यात सांगण्यासारखे काय आहे. आधी वाढणारच. त्यांना वेळेवर गोळी घ्यायची असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई खाली आल्या आणि सोफ्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. पाहुणा सोफ्यावर मांडी घालून बसला होता, काका दोन पायऱ्या खाली. बाईंनी त्याला विचारले, "तू हिमनदी पाहिलीस का रे?"

"पाहिली ना. तिच्या अंगावरून चाललो. दोन तास."

बाई पुढे सरकल्या. इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. "ती सरकताना आवाज येतो?"

पाहुणा आठवू लागला. पुष्कळ वेळ आठवत राहिला. मग ओशाळून म्हणाला, "मला माहीत नाही. मी कानात गाणी लावली होती."

मग बाईच त्याला समजावू लागल्या. नदीच्या पोटात भेगा कशा पडतात, कडेला दगडगोटे का साठतात, तो ज्या निळ्या भिंतीपाशी उभा होता ती निळी का दिसते. पाहुणा आ वासून ऐकत राहिला. दोन तास तो नेमका कशावरून चालला, हे त्याला आत्ता कळत होते.

"तुम्ही तिथं कधी गेला होता?" त्याने विचारले.

"मी?" बाई म्हणाल्या. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "मी कुठंच गेले नाही रे. कुठंच."

आपल्या बायकोचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे काकांना माहीत नव्हते. आतापर्यंत हे सगळे फसावे अशी जी एक लबाड आशा त्यांनी मनात बाळगली होती, तिची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली. हिला हिमनदी दाखवायचीच. त्यासाठी या पोराला खूश करायचे, मग काय वाटेल ते होवो.

आणि काका कामाला लागले. पाहुणा आडवा झाला की जिन्यात शांतता हवी, म्हणून त्यांनी ये-जा करणाऱ्यांना चपला नुसत्या काढायला नव्हे, तर हातात धरून चालायला लावले. वकील मोठ्याने शिंकले तर त्यांना पुन्हा खाली पाठवून शिंका संपवून यायला सांगितले. सकाळी सेक्रेटरी व्हॉल्व्ह सोडायला आले, तेव्हा पाहुणा गाढ झोपला होता. काकांनी आडवा हात धरला.

"पाणी सोडायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

"हळू बोला."

"इमारतीला पाणी नको?"

"पाहुणा उठेपर्यंत नको."

"तुम्ही आहात कोण मला अडवणारे?"

"तैनात," काका म्हणाले.

त्या दिवशी इमारतीत सगळ्यांच्या अंघोळी दुपारी झाल्या. पाहुण्याने अर्धवट डोळे उघडून हे सारे पाहिले होते, पण भाषा नवी असल्याने त्यातले त्याला निम्मेच कळले.

निघताना त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. काकांपाशी आला, कपाळावर बांधायचा आपला दिवा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "हा घ्या. तुमच्या कामाला उपयोगी पडेल. दोन्ही हात मोकळे राहतील." काका गोंधळले. नोटिसा लिहिताना कपाळावर दिवा कशाला? पण पाहुण्याला दुखवायचे नव्हते, म्हणून त्यांनी तो तिथेच बांधला आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

मग सुरू झाले वाट पाहणे. सुतार आला, त्याने सोफ्याचा एक हात कापला, सोफा वर गेला. नोटीस निकाली निघाली आणि सेक्रेटरींनी त्याबद्दल स्वतःचे अभिनंदन करून घेतले. अभिप्राय काही येईना. काका कचेरीतून आले की बूट काढायच्या आधी विचारीत, "काही लिहिलं?" बाई मान हलवीत. शाळा संपत आली होती. मागच्या बाकावरची ती मुलगी आता काही विचारत नसे, आणि त्याचेच बाईंना जास्त वाईट वाटे.

आणि एका संध्याकाळी अभिप्राय आला. बाई कॉम्प्युटरवरून मोठ्याने वाचू लागल्या.

'सोफा जिन्यात आहे. खरोखरच जिन्यात आहे. बाई तिथे एकट्या राहतात.'

"एकट्या?" काका म्हणाले.

'त्यांना जगाची इतकी माहिती आहे की मला फिरल्याची लाज वाटली. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या पहारेकऱ्याबद्दल.'

"कोण पहारेकरी?" काकांनी विचारले. बाईंनी मान वर केली नाही. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

'हा म्हातारा गृहस्थ जिन्यात बसतो. तापट आहे. पण मी झोपलो असताना त्याने अख्ख्या इमारतीचे पाणी अडवून धरले. असा पहारेकरी मी कुठल्या देशात पाहिला नाही. आणि बाई त्याच्याशी कशा वागतात! पाहुण्याच्या आधी त्याचे ताट वाढतात. तो खालून ओरडला तरी हसून सोडून देतात. जिन्यात येऊन त्याच्यासारख्याच पायरीवर बसतात. जी बाई आपल्या पहारेकऱ्याला असे वागवते, तिला कुणीही डोळे मिटून घरात घ्यावे.'

काका एका हाताच्या सोफ्यावर बसले. खात्यात इतकी वर्षे नोकरी, वर्ग दोनची वेतनश्रेणी, साहेबांच्या खोलीत न विचारता जाण्याचा मान. आणि म्हातारा!

"मी आत्ता लिहिते," बाई लालबुंद होऊन म्हणाल्या. "ते माझे मिस्टर आहेत म्हणून लिहिते. काय समजला हा माणूस!"

तेवढ्यात यंत्राने टिंग केले. हिमनदीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका आजीबाईंचा निरोप होता. यापूर्वी गोड शब्दांत नकार देणाऱ्यांत त्याही होत्या. आता लिहिले होते: अभिप्राय वाचला. तुमच्यासारख्या बाईला माझे दार उघडे आहे. या. तुमच्या पहारेकऱ्यालाही घेऊन या. बिचाऱ्याने बर्फ पाहिला नसेल.

बाईंनी हात यंत्रावरून मागे घेतला. त्यांनी काकांकडे पाहिले आणि चटकन नजर वळवली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी चूक दुरुस्त करू. मग बोलावलं तर जाऊ."

काकांनी आयुष्यभर एका अक्षराच्या चुकीसाठी अर्ज परत पाठवले होते. मजकूर खोटा असेल तर तो दुरुस्त झालाच पाहिजे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. पण आज त्यांनी दुरुस्तीनंतरचा मजकूर मनातल्या मनात वाचून पाहिला. पहारेकऱ्याला वरून ताट पाठवते ती बाई थोर. तेच ताट नवऱ्याला जिन्यात पाठवते ती बाई कोण? पहारेकऱ्यासारखी पायरीवर बसते ती मोठ्या मनाची. नवऱ्याला टॉर्च देऊन पायरीवर बसवते, ती? चूक दुरुस्त झाली तर अभिप्रायात उरतो तो एक जिना आणि एक विचित्र कुटुंब.

ते उठले, यंत्रापुढे बसले. उत्तरात लिहायचे होते, कोण कोण येणार. काकांनी पहिले नाव बाईंचे घातले. दुसऱ्यापाशी बराच वेळ थांबले. मग एकेक अक्षर शोधून लिहिले: पहारेकरी.

"अहो!" बाई म्हणाल्या.

"मजकूर बरोबर आहे," काका म्हणाले. "त्या दोन दिवसांत मी रीतसर तैनात होतो. साहेबांचा आदेश आहे."

"पण तुमचा मान?"

"मान काय, बरोबर न्यायची वस्तू थोडीच आहे? राहील घरी."

गाडीचा एक दिवस, बसचा अर्धा आणि पायी चढ. आजीबाईंचे घर दगडी होते आणि त्यांच्या खिडकीत ती होती. पांढरी, मळकट, डोंगराएवढी, आणि फळ्यावर कधीच मावली नसती अशी. बाई दारातच उभ्या राहिल्या. काका मागे दोन्ही पिशव्या घेऊन धापा टाकत उभे होते.

"दुपारी ऊन चढलं की ऐकू येतं," आजीबाई म्हणाल्या. "तोवर चहा घ्या." आणि त्यांनी एकुलती एक आरामखुर्ची ओढून काकांपुढे ठेवली. "तुम्ही आधी बसा. सगळा जन्म पायरीवर गेला असेल तुमचा."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. काकांनी मान हलवली आणि बसले. आजीबाई कप भरत त्यांना आपुलकीने विचारू लागल्या.

"किती वर्षं आहात यांच्याकडे?"

काका खोटे बोलत नसत. या वयात सुरुवात करण्याचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिले.

"यांचं लग्न झालं त्या दिवसापासून," ते म्हणाले.

आजीबाईंनी कौतुकाने मान डोलावली. बाई खिडकीकडे तोंड करून हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.